एकच डबा, इन्सुलिनही तेवढंच, मग माझ्याच मुलीची शुगर का चढते?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या १४ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणीला, दोघींनाही टाइप वन मधुमेह आहे. मधल्या सुट्टीत दोघी एकाच डब्यातली पोळी-भाजी वाटून खातात, ६-६ युनिट इन्सुलिन घेतात, आणि दोन तासांनी मैत्रीण १५० वर, तर तुमची लेक २६० वर. घरात सगळे म्हणतात, ही चोरून काहीतरी खाते. असं न खाताही होऊ शकतं का, हा तुमचा प्रश्न.

होऊ शकतं. आमच्या घरात ते रोज एका पंगतीला होतं.

मी सांगलीचा. ११ व्या वर्षी मला टाइप वन निघाला, त्याला आता २३ वर्षं झाली. माझा पुतण्या १३ वर्षांचा, त्यालाही तेच. रात्री आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसतो. वहिनी पीठ काट्यावर तोलून भाकरी थापतात: ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं. दोन भाकरींना मी ५ युनिट घेतो आणि तो ७. माझं वजन त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरी त्यालाच जास्त लागतं. एकदा हट्टाने म्हणाला, "काका, मी पण पाचच घेणार." दोन तासांनी मी १४० आणि तो २७०. त्याने भाकरीशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं, मी समोरच होतो.

वयात येताना शरीरात जी हार्मोन्स वाढतात त्यांच्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. या वयातल्या मुलामुलींना आधीपेक्षा बरंच जास्त इन्सुलिन लागतं. मुलींना पाळीच्या आधीचे काही दिवस आणखी वेगळे जाऊ शकतात. तुमची लेक १४ ची आहे, म्हणजे अगदी त्याच टप्प्यात.

मैत्रिणीला हा आजार कधी निघाला, तेही विचारा. नुकताच निघाला असेल तर तिचं स्वादुपिंड अजून थोडं इन्सुलिन बनवत असेल. सुरुवातीचे काही महिने, कधी वर्षभरही, हा आधार पुरतो. तिच्या ६ युनिटला आतून कुणीतरी हात देतंय आणि तुमच्या मुलीच्या ६ युनिटला एकट्यानेच ओझं उचलायचंय, असं समजा. शिवाय जेवण झालं की निरोगी माणसाचं लिव्हर साखर सोडायचं थांबतं. टाइप वनमध्ये ग्लुकागॉन नावाचं हार्मोन जेवणानंतरही दबत नाही, त्यामुळे लिव्हर आपली साखर ओततच राहतं. ती कुणात किती ओतली जाते, हे डब्याकडे बघून कळत नाही.

आता वेळेचं. ती घंटा झाल्यावर सुई टोचून लगेच घास घेते का? जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन असेल तर बहुतेकांना १५ मिनिटं आधी घ्यायला सांगतात, जुनं साधं इन्सुलिन असेल तर अर्धा तास. पोळी पोटात आधी पोचली आणि इन्सुलिन मागून आलं, तर दोन तासांचा आकडा चढलेलाच दिसणार. मात्र आधी घ्यायचं तर डबा नक्की मिळणार याची खात्री हवी, नाहीतर शुगर लो होते.

माझ्या बाबतीत खरं कारण वेगळंच निघालं, आणि ते कळायला फार वर्षं गेली. नववीत असताना माझी शुगर सारखी ३०० च्या आसपास असायची. घरच्यांना वाटलं, मी बाहेर खातो. एक दिवस शाळेतून आलो तर दप्तर ओट्यावर उपडं केलेलं. कंपासपेटीतून ग्लुकोजची पुडी निघाली. ती शुगर लो झाली तर खायला म्हणून आईनेच दिलेली होती. तीच पुरावा ठरली. मी रडून सांगितलं, पण कुणालाच पटलं नाही. पुढे मी भाजी-भाकरीसुद्धा कमी खायला लागलो आणि मग मध्यरात्री लो व्हायला लागलो.

कॉलेजात असताना एका डॉक्टरीणबाईंनी मला आडवं झोपवलं आणि पोटावरून तीन बोटं सावकाश फिरवली. बेंबीच्या उजव्या बाजूला बोटं थांबली. "हात लाव इथं." लिंबाएवढी मऊसर, रबरासारखी गाठ. मी उजव्या हाताने इन्सुलिनचं पेन धरायचो आणि त्या जागी दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथंच टोचत होतो. अशा गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा उतरतं, कधी अर्धवट, कधी एकदम. जागा बदलली तशी शुगर हळूहळू आवाक्यात आली.

बाकी थोडक्यात. तळलेलं, तुपातलं असेल तर साखर उशिरा चढते, तीन-चार तासांनीसुद्धा. चिरमुरे झटकन चढतात. आमच्या सांगलीचं भडंग हाताला हलकं लागतं, पण ५० ग्रॅम चिरमुऱ्यांत ४० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात. खो-खो खेळून आलेल्या दिवशी पुतण्याला तेवढंच इन्सुलिन जास्त होतं, आणि ते रात्रीही जाणवतं.

तपासण्याआधी हात धुवायला मात्र सांगाच. मी बेदाण्याच्या व्यापारात हिशेब बघतो. सौद्याच्या दिवशी नमुने चाचपल्यावर तसंच बोट टोचलं तर मीटरवर ३१२ आले. साबणाने हात धुऊन दुसऱ्या बोटाला १६८.

तुम्ही आठवडाभर वहीत फक्त चार गोष्टी लिहा: काय आणि किती खाल्लं, इन्सुलिन किती वाजता आणि कुठे टोचलं, जेवणाआधीची शुगर, दोन तासांनंतरची शुगर. परवडत असेल तर एकदाच सतत शुगर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावून बघा, मधला सगळा चढउतार दिसतो. वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि हिचं प्रमाण हिच्या आकड्यांवरून ठरवून घ्या. मैत्रिणीचा डोस हिला चालणार नाही, हिचा तिला चालणार नाही.

आज रात्री तिला विचारून, उजेडात, पोट, मांड्या आणि दंड चाचपून बघा. गाठ लागली तर ती जागा सोडायची, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नव्या जागी तेवढाच डोस देऊ नका. चांगल्या कातडीखालून इन्सुलिन पूर्ण उतरतं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. पहिल्या काही रात्री ३ वाजता उठून एकदा तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. पुडी तिच्या उशाशीच ठेवा, आणि दप्तरातही.