मेंदूला करंट देऊन सिगारेट सुटते का?

प्रश्न: माझा भाऊ चार वेळा सिगारेट सोडून परत ओढायला लागलाय. डोक्याला मशीन लावून मनावरचा ताबा वाढवतात म्हणे, खरं आहे का?

उत्तर: थोडं खरं आहे. त्याला टीएमएस म्हणतात, डोक्याजवळ कॉइल धरून चुंबकीय झटके देतात, चिरफाड नाही की भूल नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे आपला ब्रेक समजा, व्यसनात तो ढिला पडतो आणि तलफ जिंकते, म्हणून त्यालाच चेतवायचं अशी आयडिया. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी अशा एका मशीनला परवानगी दिली. त्या मशीनच्या ट्रायलमध्ये आधी तीन आठवडे जवळजवळ रोज सेशन, मग तीन आठवडे आठवड्यातून एकदा, आणि तरी सुटली साधारण १९ टक्के लोकांची, आणि तुलनेसाठी ज्यांना नुसतंच खोटं मशीन लावलं त्यांच्यापैकी जवळपास ९ टक्क्यांची. म्हणजे फायदा आहे, जादू नाही! डोकं दुखू शकतं, फिट क्वचितच येते, पण आधी कधी फिट आली असेल किंवा डोक्यात धातू, इम्प्लांट असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि हो, ऑनलाइन मिळणारी करंटची हेडबँड घरी लावत बसू नका, प्लीज. निकोटिन गम, औषधं, काउन्सेलिंग यातलं नीट काय करून झालंय ते आधी भावाला विचारा.