थोरल्या आजीला गाडीत बसवलं, आता आजी बोलत नाही

माई,

मी 27 वर्षांची. गाव कुडाळ तालुक्यात, नोकरी मुंबईत. दोन मित्रांबरोबर एक हॉरर गेम बनवतेय. कोकणात जाणारी रात्रीची गाडी, खेळणारा एकटा प्रवासी आणि प्रत्येक डब्यात एक भूत. मारायचं कुणालाच नाही. गप्पा मारायच्या, डबा वाटून खायचा, त्याचं ऐकून घ्यायचं. मैत्री जमली की ते भूत आपल्या स्टेशनावर उतरतं. चुकीचं बोललात तर मात्र खैर नाही.

त्यात एक अलवंतीण, म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत, आहे. रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या बोगद्यात दिवे जातात तेव्हा ती समोर येऊन बसते आणि मांडीवरचं मूल आपल्याकडे देते. घेतलं नाही तर किंचाळून अंगावर येते. ती मी आमच्या थोरल्या आजोबांच्या पहिल्या बायकोवरून केली. ती 1966 साली बाळंतपणात गेली, मूलही गेलं. घरात तिचा विषय निघत नाही, मला आत्याने एकदा सांगितलेलं. हिरवं लुगडं, हनुवटीवरचं गोंदण, माहेरचं नाव, सगळं तसंच ठेवलं.

गणपतीत चुलतभावाने डेमो टीव्हीला जोडून घरभर दाखवला. ते नाव ऐकलं आणि आजी उठली. "जित्ती असताना तिका कोणी गाडी दाखवूक नाय, आता मेल्यावर कित्याक फिरवतस?" एवढंच म्हणून आत गेली. तेव्हापासून माझा फोन घेत नाही. बाबा म्हणतात, देवचाराकडे, म्हणजे गावच्या राखणदाराकडे, गाऱ्हाणं घाल आणि ते सगळं काढून टाक. मित्र म्हणतात, लोकांना तोच भाग सगळ्यात आवडलाय. काय करू?

— आजीची लाडकी (होते)

*

अगो लाडके,

ते कंसातलं 'होते' आधी खोडून टाक. लाडक्या नातीवरच असं रुसतात. परक्याच्या गेमकडे बघून आजी "काय ता मेला" म्हणाली असती आणि परत मोदकाची उकड मळायला बसली असती.

आजीचं वाक्य तू रागातलं म्हणून लिहिलंयस. असेलही राग. पण त्या एका वाक्यात तिने तुझ्या गेममधली चूकही काढून दिलीय आणि ती तुम्हा तिघांपैकी कुणाला दिसली नव्हती. 1966 साली तुमच्या गावच्या बाईने रेल्वे कुठे बघितली असणार? कोकण रेल्वेचं महामंडळच मुळी 1990 साली झालं. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा अख्खा मार्ग सुरू झाला तो 26 जानेवारी 1998ला. तुझ्या थोरल्या आजीच्या काळात मुंबई गाठायची तर एसटी, नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याहून बोट, आणि तीही चाकरमान्या पुरुषांसाठी. सुनांच्या वाट्याला माहेर आणि सासर यांच्यामधली पाणंद.

आणि तुझी अलवंतीण डब्यात येते ती जन्मभर रिझर्वेशनने फिरल्यासारखी. समोरच्या सीटवर बसते, मूल पुढे करते, काम सुरू. ती बाई पहिल्यांदा गाडीत चढली तर सीटवर बसेल तरी का? खाली, दारापाशी, गाठोडं पायांत धरून बसेल. पंख्याकडे बघत राहील. आपलं गाव आलं हे बोर्ड वाचून कळायचं नाही तिला, वाचता येत नसेल तर कुणाला तरी विचारेल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली की काळोख, रुळांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो, मोबाइलची रेंज गुल. चार-पाच मिनिटं संपता संपत नाहीत. त्या काळोखात तुझ्या खेळणाऱ्यापेक्षा तीच जास्त घाबरेल गो! तिला "बाय, बोगदा आसा, आता संपतलो" असं सांगायची सोय तुझ्या गेममध्ये आहे का? तुझ्या पत्रावरून तरी दिसली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की तुला भूत माहीत आहे, बाई माहीत नाही. गोंदण, लुगडं आणि नाव एवढ्यावर माणूस होत नाही. आणि ती बाई जिला खरोखर माहीत आहे, अशी घरात एकच व्यक्ती उरलीय. तिलाच तू विचारलं नाहीस. आजी दुखावली असेल तर तिथे.

थोडा हिशेब मांड. तुझी आजी त्या घरात नवी सून म्हणून आली तेव्हा थोरली जाऊ होती का? असेल, तर चूल कुठली, विहिरीची पायरी कुठली निसरडी, सासऱ्यांना पेजेबरोबर काय लागतं, हे तिला कोणी दाखवलं असेल? अशी जाऊ पावसाळ्यात अडली, वहाळाला पाणी, दवाखाना दूर, आणि गेली. वर्षभरात थोरल्या आजोबांचं दुसरं लग्न झालं असेल. नव्या जावेसमोर जुनीचं नाव काढायचं नाही, हे कोणी न सांगता पाळलं गेलं असेल. असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण त्या काळच्या बऱ्याच घरांत असं झालंय. आणि मग एवढ्या वर्षांनी ते नाव ऐकू येतं ते टीव्हीतून, किंचाळीच्या आधी.

आता अलवंतिणीबद्दल, कारण इथे माझा जीव थोडा वर येतो. आपल्याकडची भुतांची यादी काढून बघ. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती अलवंतीण. उपचाराविना बाई गेली, तिची चूक काय, तर तिलाच नाव ठेवलं आणि पुढच्या पोटुशा बायकांना तिची भीती घातली. तू म्हणतेस तुमच्या गेममध्ये भुतांशी मैत्री करायची. मग नेमकी हिच्यापाशी आल्यावर किंचाळी कशाला ठेवलीस? जंप स्केअर, म्हणजे एकदम अंगावर येऊन दचकवणं, हा हॉररमधला सगळ्यात स्वस्त माल, कानाशी पत्र्याचा डबा वाजवला तरी माणूस दचकतो. मूल घ्यायला नाही म्हटलं आणि ती काहीच न बोलता ते परत पदराखाली घेऊन बसली, तर? मला तरी तीच रात्र जास्त जड जाईल.

भुताशी मैत्री ही काही तुम्ही मुंबईत बसून काढलेली नवी कल्पना नव्हे. वेंगुर्ल्याच्या बाजूला आरवलीचा वेतोबा माहीत असेलच तुला. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, त्याला आपण गावाचा राखणा करून ठेवलाय. रात्री गावभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भलेमोठे चामड्याचे जोड वाहतात, केळ्यांचे घड देतात. देवचाराला नारळ ठेवतात, कुठे विडी, कुठे कोंबा. त्यामुळे आजीने तुझा गेम भुतांचा आहे म्हणून तोंड फिरवलं असेल, असं मला वाटत नाही. ती तुझ्यापेक्षा जास्त भुतांना नावानिशी ओळखते.

बाबांनी गाऱ्हाणं घालायला सांगितलंय, ते घाल. मी स्वतः यातली नाही, पण एका नारळाने बाबांची झोप लागत असेल तर स्वस्त सौदा आहे. गावकर "चुकला माकला" म्हणत गाऱ्हाणं घालतील, तू मागून "व्हय म्हाराजा" म्हण. मात्र गाऱ्हाणं घातलं म्हणजे आजीचं काम झालं असं समजू नकोस. ती दोन वेगळी खाती आहेत.

आजीकडे जा. फोनवर हे होणार नाही. हे उत्तर वाचशील तेव्हा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातली श्राद्धं, सुरू असतील. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णींच्या नावाने पान वाढतात. तुमच्या घरी त्या दिवशी कुणाचं पान असतं, कधी बघितलंयस? बहुतेक तू मुंबईत असतेस, आणि काही घरांत नवरा गेल्यावर ते पान बंदही करतात. यंदा रजा काढ आणि आदल्या दिवशी पोच. लॅपटॉप नेऊ नकोस. "सॉरी आजी, पण ऐक ना" असं सुरू करू नकोस, त्यातलं 'पण' तिला आधी ऐकू येईल. स्वयंपाकघरात तिच्या शेजारी बसून भाजी निवड आणि विचार, ती कशी होती गो? हसायची कशी? काय शिजवायची? तुला ओरडायची? आजी पहिल्यांदा "माका काय म्हायत" म्हणेल. गप्प बस, निवडत राहा.

ती बोलली तर मोबाइलवर रेकॉर्ड करायचा मोह होईल. तिला न विचारता नको. त्याच वाटेने तर हे सगळं झालंय.

मग सगळं ऐकून झालं की सरळ विचार, "आजी, तिका माझ्या गाडयेत बसवू काय?" ती नको म्हणाली तर काढायचं. मित्र कितीही नाचले तरी. अलवंतीण राहू दे, ती कुणा एकाची मालमत्ता नाही, पण गोंदण, लुगडं, नाव आणि गाव यांतलं काहीही राहता कामा नये. ती हो म्हणाली, तर कशी ठेवायची हे तिच्याकडूनच घे. कदाचित ती म्हणेल, तिच्या मांडीवर मूल नको, तेवढं तरी सोड तिला. तेही ऐक.

एक बारीकशी गोष्ट राहिली आणि ती बारीक नाही. थोरल्या आजोबांना दुसऱ्या लग्नाची मुलं असतील, म्हणजे तुझे काका, आणि ज्याने उत्साहाने टीव्हीला वायर जोडली तो चुलतभाऊ बहुधा त्यांच्यापैकीच कुणाचा. पडद्यावर कोण आहे हे त्या पोराला माहीत तरी होतं का? त्याच्या आजीच्या जागी आधी कोण होती, हे त्याला गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांदेखत कळलं असेल, तर तिकडेही एक माणूस गप्प बसलेला असणार. काकांना भेट. फार बोलू नकोस, तुमच्या घरचंही दुखवलं एवढं सांग.

मित्रांना मात्र आजच कळव की हा भाग अडकलाय आणि सुटेपर्यंत डेमोतून बाजूला ठेवायचा. तारीख जवळ आली की "आता कसं काढणार" हे कारण आपोआप तयार होतं. खेळणाऱ्यांना तो भाग आवडला हे खरं असेल, पण त्यांना कुडाळच्या माजघरात जेवायला बसायचं नाहीये.

आणि समजा आजी म्हणालीच, "दाखव बघूया परत," तर आधी आवाज कमी कर. तिच्या कानाला मशीन असेल तर ती किंचाळी थेट मेंदूत जाईल.

— माई