चार हजारांत दिल्लीच्या जानेवारीसाठी कपडे कसे घ्यावेत? एकच जाड जॅकेट पुरेल का?

जॅकेट सगळ्यात शेवटी घ्या, आणि पैसे उरले तरच चांगलं घ्या.

तुम्ही साताऱ्याहून राजेंद्रनगरला यूपीएससीच्या तयारीसाठी जाताय, म्हणजे दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत जाणार. तिथली जानेवारीतली रात्र साधारण 7-8 अंशांची. 1 जानेवारी 2021 ला दिल्लीतल्या सफदरजंग वेधशाळेत पारा 1.1 वर उतरला होता, पण असं क्वचित होतं. खरा छळ दिवसाचा असतो. धुकं चार-पाच दिवस हटलं नाही की दुपारीही 13-14 च्या पुढे जात नाही, आणि भाड्याच्या खोलीत ऊन येत नाही. चालताना अंग स्वतःच तापतं, बसून वाचताना ते होत नाही. त्यामुळे रस्त्यावर ज्या कपड्यांत ठीक वाटतं, त्याच कपड्यांत खोलीत तासाभराने कुडकुडायला होतं.

पहिली खरेदी थर्मलची, वरचं-खालचं असे दोन जोड. याला साधारण बाराशे धरा. अंगाला चिकटून बसावं, पण काखेत आणि गुडघ्यात काचू नये. निव्वळ सुती घेऊ नका. मेट्रोचे जिने चढताना आलेला घाम सूत धरून ठेवतं आणि मग वाचायला बसलं की पाठ गार पडते. दोन टी-शर्ट एकावर एक घालणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

त्यावर एक स्वेटर किंवा फ्लीस (मऊ, केसाळ कृत्रिम कापड), पाच-सहाशेपर्यंत. फ्लीस उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत असेल तर ठेवून द्या. 'प्युअर वूल' म्हणून जास्त पैसे मागितले तर शिवणीतला एखादा सुटा धागा काढून घ्या आणि नंतर काडी लावून बघा. लोकर हळू जळते, विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर, वितळून काळा टणक मणी होतो. या बजेटमध्ये अ‍ॅक्रिलिकच येणार आणि त्यात वाईट काही नाही, लवकर गोळे धरतं एवढंच. फक्त लोकरीचा भाव देऊ नका. स्वेटर एक माप सैलच घ्या. ऊब कपड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते, घट्ट घातलं की ती हवाच राहत नाही.

पायांची चूकही अशीच होते. लोक बुटात दोन-दोन मोजे कोंबतात, पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा घाला आणि बूट घातल्यावर बोटं वर-खाली हलतात का बघा. खोलीतली फरशी बर्फासारखी असते. टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्याचे दोन-तीन थर पसरा, त्यावर जुनं पोतं, आणि बंद चप्पल घालून बसा. फुकटातला उपाय आहे, पण हजाराच्या जॅकेटपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

माकडटोपी, मफलर आणि बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे (लिहिता आलं पाहिजे) मोज्यांसकट पाचशेत बसतात. अंगातली बहुतेक उष्णता डोक्यातून जाते असं म्हणतात ते खरं नाही, पण गळ्याशी फट राहिली तर स्वेटरातली ऊब तिथूनच निघून जाते. म्हणून टोपी आणि मफलर यांत एकच घ्यायचं असेल तर मफलर.

घरून एक गोधडी नक्की न्या, घोंगडी असेल तर उत्तमच. ती अंगावर घेऊ नका, गादीवर अंथरा. पीजीमधली गादी पातळ असते आणि थंडी खालूनच चढते. वर रजई तिथेच घ्या. सोलापुरी चादर एकटी पुरत नाही, रजईच्या आतून लावा. ऊन पडेल त्या दिवशी रजई गच्चीवर टाका, धुक्यात कापूस ओल धरतो. झोपण्याआधी दहा मिनिटं रबरी पिशवी पायथ्याशी ठेवा. पाणी उकळतं नको, पिशवी दोन तृतीयांशच भरा आणि हवा दाबून काढल्यावर बूच लावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

आता जॅकेट. कपड्यांच्या चार हजारांतले सतराशे-अठराशे उरतात. कापडाला तोंड लावून जोरात फुंका. पलीकडे हातावर हवा लागली तर ते वारा अडवणार नाही, आत कितीही भरलेलं असो. भरलेलं असेल तर मुठीत दाबून सोडा, लगेच फुगलं पाहिजे. सरोजिनीनगर किंवा काश्मिरी गेटजवळचं मॉनेस्ट्री मार्केट बघा. करोलबाग तुम्हाला पायी अंतरावर आहे. सरोजिनीनगर आणि करोलबाग सोमवारी बंद असतात. बर्फात घालायचं जॅकेट घेऊ नका, फेब्रुवारीच्या मध्यावर ते दुपारी अंगावर ठेववत नाही.

स्वेटर कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगला की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.