वासरांना गव्हाणीत जागा किती हवी?

प्रश्न (वाळवा तालुक्यातील एक ताई): माझ्याकडे संकरित होल्स्टीनच्या सहा कालवडी एकत्र मोकळ्या असतात. वय दीड ते तीन महिने. काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) एकाच घमेल्यात देते. दोन दांडग्या कालवडी बाकीच्यांना हुसकावतात, सर्वांत लहान कालवड अंगच धरत नाही. खुराक वाढवूनही फरक नाही. दांडग्यांना बांधून घालू का? शिवाय दूध प्यायल्यावर त्या एकमेकींचे कान आणि बेंबी चोखतात.

उत्तर: ताई, बांधू नका. दोष त्या दोघींच्या स्वभावात नाही, घमेल्यात आहे.

वासरांना एकाच वेळी खायचे असते. एक खायला लागली की बाकीच्याही उठून येतात. घमेल्यात मात्र दोन-तीनच तोंडे मावतात. मग लहान कालवड मागे थांबते आणि तिच्या वाट्याला तळाचा चुरा येतो. दांडग्याही भीतीने भराभर गिळतात. एका दमात जास्त खुराक गेला की पोटात आम्लता वाढते आणि शेण पातळ होते. खुराक वाढवून फरक पडला नाही, कारण वाढीव खुराकही त्याच दोघींच्या पोटात गेला.

लहान वासराला गव्हाणीची 40 ते 50 सेंटिमीटर लांबी लागते. सहाजणींना साधारण नऊ फूट झाले. सिमेंटची गव्हाण लगेच बांधायला हवी असे नाही. 200 लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम उभा चिरला की जवळपास तीन फूट लांबीचे दोन भाग मिळतात. एका भागावर एका बाजूने दोन वासरे नीट खातात, म्हणजे तीन भाग लागतील. ड्रम रसायनाचा नको, खाद्यपदार्थाचाच घ्या. कडा घासून बोथट करा आणि आत पाय घालता येणार नाही इतक्या उंचीवर पक्का बसवा. दोन वासरांच्या मध्ये खांद्यापर्यंत येईल असा बांबूचा आडोसा केला तर शेजारणीला बाजूने रेटता येत नाही. शक्य असेल तर दीड महिन्याची कालवड तीन महिन्यांच्या कालवडींसोबत ठेवूच नका.

हे आताच करा, मोठ्या झाल्यावर नको. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात जोडीने ठेवलेल्या वासरांवर प्रयोग झाला होता. काही जोड्यांना दुधासाठी एकच निपल होते, काहींना दोन. एका निपलवर वाढलेली वासरे दूध तोडल्यानंतर, खाण्याला पुरेशी जागा मिळूनही, एकमेकांना जास्त हुसकावत राहिली. दुधाच्या वयात लागलेली ही खोड पुढेही टिकते.

दूध तोडतानाही एका घमेल्याने फसगत होते. कालवड सलग तीन दिवस रोज एक किलो काफ स्टार्टर खाऊ लागली की दूध तोडावे, असा आपला ठोकताळा. पण सहा किलो संपले म्हणजे प्रत्येकीने एक किलो खाल्ले असे नाही. दोघींनी दीड-दीड किलो खाल्ला असेल आणि धाकटीने पाव किलोही नाही. तिचे दूध त्या दिवशी तोडले तर ती खचेल. म्हणून खुराक टाकल्यावर पंधरा मिनिटे तिथेच उभ्या राहा आणि कोण मागे हटते ते पाहा.

स्वच्छ पाणी दिवसभर हवे, पाणी कमी पडले की वासरू खुराकही कमी खाते. उसाचे वाढे या वयात देऊ नका, त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. कोवळा लसूणघास थोडा थोडा चालेल.

आता चोखण्याबद्दल. दुधाची चव लागली की चोखण्याची ओढ जागी होते आणि दहा-पंधरा मिनिटे टिकते. बादलीतले दूध मात्र मिनिटभरात संपते. उरलेली ओढ शेजारणीच्या कानावर किंवा बेंबीवर जाते. प्रत्येकीला निपलची वेगळी बादली द्या. निपलचे भोक कापून मोठे करू नका, दूध सावकाश आले पाहिजे. दूध संपल्यावरही निपल थोडा वेळ तसेच राहू द्या आणि लगेच खुराक समोर ठेवा. बहुतेक चोखणे यानेच थांबते. बेंबी सुजलेली, गरम किंवा ओली दिसली, तर वाट न पाहता त्या कालवडीला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.