कोणी सांगितलं?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, मंगळवारी मी गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला आणि ते फक्त तुलाच कळलं. पूर्वी कोणी बाहेर पडलं की 'अमुक लेफ्ट' अशी ओळ सगळ्यांना दिसायची आणि पारावर दोन दिवस तोच विषय चालायचा. २०२२ पासून ती खबर अ‍ॅडमिनपुरती राहते. तू रडवेलं तोंड पाठवून विचारलंस, "नाना, काय झालं?" तुझ्याकडे येऊनच बोलणार होतो, पण तुझा फोन दर मिनिटाला वाजतो आणि माझं वाक्य मधेच तुटतं. म्हणून कागद घेतला. तुझ्या धाकट्याच्या हाती पाठवतोय.

झालं ते एवढंच. मंगळवारी सकाळी ग्रुपवर आलं की मुलं पळवणारी टोळी फिरतेय, पांढरी गाडी आहे, सावध राहा, पुढे पाठवा. मी खाली लिहिलं, "कोणी सांगितलं?" त्यावर दोन अंगठे आले, एक गुलाबाचं फूल आलं आणि कोणाच्या तरी नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. ज्यानं टाकलं होतं तो दुपारी म्हणाला, "मला आलं, मी टाकलं." झालं. मी बाहेर पडलो.

म्हातारा एवढ्यावरून रुसला असं तुला वाटलं असेल. आपल्या बागलाणाला लागून साक्री तालुका आहे. तिथल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ च्या रविवारी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं बाजारात आली होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. त्या दिवसांत गावोगाव मोबाइलवर हाच मजकूर फिरत होता, मुलं पळवणारी टोळी. माणसं अनोळखी दिसली, संशय आला, जमाव जमला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन त्या पाचही जणांना जीव जाईपर्यंत मारलं. मारतानाचे व्हिडिओसुद्धा लोकांनी काढले आणि तेही फिरले. टोळी वगैरे काही नव्हतं. गोसावी आपल्याकडे काय नवे होते का? पिढ्यानपिढ्या दारात यायचे, पीठ-दाणे घेऊन जायचे, आपली आजी त्यांना नावानं ओळखायची. पण त्या दिवशी डोळ्यांसमोरच्या माणसापेक्षा हातातल्या फोनवर लोकांचा जास्त विश्वास बसला. मंगळवारी तो मजकूर वाचला तेव्हा माझ्या हाताला घाम आला, पोरी. शब्दसुद्धा बदललेले नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. 'फॉरवर्डेड' हा शिक्काही तेव्हाचाच. पुढे एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या अफवा उठल्या तेव्हा, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. अशा संदेशावर दोन बाण असतात. मंगळवारच्या मजकुरावर ते दोन्ही बाण होते, पुन्हा बघ. म्हणजे तो निदान पाच हात फिरून आपल्याकडे आला. पहिला हात कोणाचा, हे टाकणाऱ्याला माहीत नाही आणि त्याला ते माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. मला खटकलं ते हे दुसरं.

आता माझी लाज सांगतो. मी तालुका वार्ताहर झालो तेव्हा बातमी एसटीनं जायची. पाकिटावर लाल शाईनं 'बातमी' लिहून ते नाशिकच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं आणि तिकडे पेपरचा माणूस स्टँडवर उतरवून घ्यायचा. नंतर एसटीडी बूथ आले आणि मी हुरळलो. एका संध्याकाळी बाजारात एकानं सांगितलं की अमुक गुरुजी गेले. गुरुजी आजारी होते हे मला ठाऊक होतं, त्यामुळे पटलं. सायकल मारून त्यांच्या गावी जायचं तर पाऊण तास. बूथ समोरच होता. मी फोन लावला आणि सकाळी चौथ्या पानावर निधनवार्ता.

दहाच्या सुमाराला गुरुजी स्वतः माझ्या दारात आले. बगलेत पेपर. बसले, पाणी प्याले, चहा घेतला. मग चष्मा लावून ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली, 'मनमिळाऊ' या शब्दावर थांबले आणि म्हणाले, "हे बरं लिहिलंस. दशक्रिया कधी ठेवलीय तेही छापायचं होतंस." माझी मान वर होईना. उठताना त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं तुला?" मी नाव सांगितलं. "त्याला कोणी सांगितलं?" ते मला माहीत नव्हतं. गुरुजी त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि ते कात्रण त्यांच्या पाकिटात होतं. ते खरोखर गेले तेव्हा मी आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो, मग बातमी पाठवली.

पाऊण तास सायकल मारायची असती तर ती चूक झाली नसती. बातमी पायी चालत होती तेव्हा वाटेत तिला चार जण अडवायचे, उलटसुलट विचारायचे. सांगणाऱ्याला तोंड असायचं आणि त्या तोंडाकडे बघून कळायचं की हा पाहून सांगतोय की ऐकून. आताची बातमी वाटेत कोणाला भेटतच नाही. तिला तारीखही नसते. आपल्या ग्रुपवर बिबट्याचा एक फोटो दर पावसाळ्यात येतो आणि दर वेळी तो 'काल रात्री मळ्यात' दिसलेला असतो. हरवलेलं पोर घरी येऊन शाळेत जायला लागतं, तरी त्याचा फोटो वर्षानुवर्षं हरवलेलाच राहतो.

तू म्हणशील, नानांना सगळं वाईटच दिसतं. तसं नाही. लासलगाव, उमराणे, नामपूर इथले कांद्याचे भाव लिलाव चालू असतानाच मोबाइलवर येतात, त्यामुळे ट्रॅक्टर कुठे न्यायचा हे माणूस घरी बसून ठरवतो. आम्ही एका बाजारात माल ओतल्यावर ऐकायचो की दुसरीकडे भाव चढलाय. थ्री फेज वीज किती वाजता येणार, रक्त कोणत्या गटाचं हवंय, टँकर कुठवर आलाय, हे सगळं ग्रुपमुळेच कळतं. आणि माझी थोरली बहीण कधी शाळेत गेली नाही. जन्मभर तिचं पत्र दुसऱ्यानं लिहिलं आणि दुसऱ्यानंच वाचलं, त्यामुळे मनातलं कधी तिनं सांगितलंच नाही. आता ती बटण दाबून धरते आणि सुरतेच्या लेकीशी चार-चार मिनिटं एकटीच बोलते. परवा त्यात सुनेची तक्रार होती. ऐकून मला आनंदच झाला.

तेव्हा ग्रुप बंद करू नकोस. अ‍ॅडमिनपणाला घाबरूनही जाऊ नकोस. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की दुसऱ्या सदस्यानं आक्षेपार्ह काही टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, आधीपासून संगनमत असलं तर गोष्ट वेगळी. कायदा तुला सोडेल. पण गाव तुझ्याकडेच बघणार, आणि बघावंच. दुसऱ्यानं टाकलेला मजकूर सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकायची सोय अ‍ॅडमिनला आहे. ती वापर, पण मुकाट्यानं वापरू नकोस. नाहीतर लोक म्हणतील, काहीतरी खरं होतं म्हणूनच दाबलं. आधी टाकणाऱ्याला फोन कर आणि गुरुजींचे दोन प्रश्न विचार. टोळीबिळीचा विषय असेल तर पोलीस ठाण्यात विचार आणि तिथून जे कळेल ते कोणी सांगितलं यासकट ग्रुपवर लिही. वेळ लागेल. लागू दे.

भोंग्याचं तू विचारलं होतंस. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात, हे मीही वाचलंय. आपल्याकडेही करावं म्हणतेस. कर की. पण तिथे नुसता भोंगा लावून ते झालेलं नाही. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघर फिरल्या. आपल्याकडे भोंगा वर्गणीतून उद्या येईल, फिरणारे कुठून आणतेस ते आधी बघ. आणि लिलावाच्या दिवसांत बापे लोक फोन ठेवतील या भ्रमात राहू नकोस.

एक गोष्ट मात्र मनावर घे. कोणाकडे मयत झाली की 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. दोनशे जणांनी हात जोडलेले असतात आणि दारावर जायला मोजून वीस जण. मागच्या महिन्यात शेवंता आजीच्या घरी गेलो तर तिचा मुलगा म्हणाला, "नाना, तुमचा मेसेज आला होता की, कशाला त्रास घेतला?" त्याला वाटलं, हजेरी लागली होती. लग्नाच्या पत्रिकेचंही तेच, 'यालाच आग्रहाचं निमंत्रण समजावं' असं लिहिलेलं असतं. तिथे मी काही बोलत नाही, लग्नात माणसं अशीही जास्तच होतात. पण मयतीच्या घरी ग्रुपवरचे हात पुरत नाहीत. तू निधनाची बातमी टाकशील तेव्हा खाली घराची खूण आणि भेटायची वेळ लिहीत जा. आणि आधी त्या घरी जाऊन ये, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

मंगळवारच्या मजकुराचं काय केलंस ते धाकट्याजवळ सांगून पाठव. काढला असशील तर मला परत ग्रुपमध्ये घे. चार दिवस झाले, कांद्याचा भाव शेजारच्या बापूला विचारावा लागतोय आणि तो स्वतःचा माल विकला गेलाय म्हणून क्विंटलमागे शंभर-दीडशे कमीच सांगतो. तोंडाकडे बघूनही कळत नाही लेकाचं.

तुझा,
नाना