प्रोब निवडताना आधी खोली बघा, मग फ्रिक्वेन्सी

तुमच्या सोनोग्राफी मशीनला कॉन्व्हेक्स, लिनियर आणि फेज्ड ॲरे असे तीन प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून ध्वनी आत सोडणारे भाग, आहेत. कोणता कधी लावायचा हा एक प्रश्न, आणि लिनियरची फ्रिक्वेन्सी जास्त असताना पोटही त्यानेच का बघू नये, हा दुसरा. दुसरा सुटला की पहिला बराचसा आपोआप सुटतो.

मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सरासरी १५४० मीटर प्रति सेकंद धरतात. त्या हिशेबाने ३.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ०.४४ मिमी येते आणि १० मेगाहर्ट्झला ०.१५ मिमी. लिनियरवर बारकावे दिसतात ते यामुळेच. पण हीच लहर वाटेत विरतेही लवकर: ढोबळमानाने दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल. यकृताचा १० सेंमी खोलवरचा भाग घ्या. जाऊन-येऊन २० सेंमी झाले. ३.५ मेगाहर्ट्झला ३५ डेसिबल गेले, १० ला १००. मग गेन कितीही वाढवा, जे परत आलंच नाही ते दाखवणार कुठून? पडद्यावर फक्त पांढरी खरखर वाढते. गेन म्हणजे परत आलेला सिग्नल मोठा करणं. आत जाणारी ताकद वाढवायला आउटपुट पॉवरचं सेटिंग वेगळं असतं. या दोन्हींत गल्लत फार होते.

तेव्हा जिथे पोचायचं आहे तिथवर पोचणारी सर्वांत जास्त फ्रिक्वेन्सी घ्यायची. मोठ्या माणसाचं पोट, मूत्रपिंड, गरोदरपण यासाठी कॉन्व्हेक्स, २ ते ५ मेगाहर्ट्झ. थायरॉइड, स्तन, वृषण, स्नायूबंध, मानेतली शीर टोचणं, म्हणजे ४-५ सेंमीच्या आतलं सगळं लिनियरवर. फेज्ड ॲरेचा चेहरा, म्हणजे अंगाला टेकणारी बाजू, लहान असतो, दोन बरगड्यांच्या फटीत बसतो, म्हणून तो हृदयासाठी. पण शरीराच्या भागाचं नाव बघून प्रोब उचलू नका. लहान मुलाचं अपेंडिक्स लिनियरने हलकं दाबत सुरेख दिसतं, आणि जाड मांडीतली खोल शीर गुठळीसाठी बघताना लिनियर कमी पडला तर कॉन्व्हेक्सच घ्यावा लागतो.

पित्ताशयातला खडा बघा. पित्त काळं, त्यात पांढरा ठिपका, त्याच्या मागे काळी सावली. खडा ३ मिमीचा असेल तर ही सावली बऱ्याचदा पडत नाही, कारण त्या खोलीवर बीम, म्हणजे ध्वनीचा झोत, खड्यापेक्षा रुंद असतो आणि बाजूने निसटलेला ध्वनी सावली भरून काढतो. अशा वेळी फोकस नेमका खड्याच्या पातळीवर आणा, त्याच प्रोबची फ्रिक्वेन्सी एक पायरी वाढवा आणि कंपाउंड इमेजिंग बंद करा. ते वेगवेगळ्या कोनांतून चित्र जुळवतं, त्यात सावली पुसट होते. मग पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. खडा घरंगळतो, पॉलिप (भिंतीला चिकटलेली वाढ) जागचा हलत नाही.

शब्दांचं म्हणाल तर अनेकोइक म्हणजे आतून प्रतिध्वनीच नाही, पूर्ण काळं. हायपोएकोइक शेजारच्या ऊतीपेक्षा गडद, हायपरएकोइक उजळ, आयसोएकोइक सारखंच. ही तुलना असते, त्यामुळे कशाच्या मानाने ते रिपोर्टमध्ये लिहा. ‘डेन्सिटी’ हा शब्द मात्र सीटी स्कॅनचा, तो इथे नको. साधी सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) म्हणायला तीन गोष्टी एकत्र लागतात: आत अनेकोइक, भिंत पातळ नि गुळगुळीत, आणि मागची बाजू उजळलेली, म्हणजे पोस्टीरियर एन्हान्समेंट. गेन कमी ठेवला तर घट्ट गाठही सिस्टसारखी काळी दिसते. जास्त ठेवला तर खऱ्या सिस्टमध्ये गाळ असल्याचा भास होतो. वरचा भाग झगझगीत आणि खालचा अंधारलेला असेल तर सगळा गेन फिरवू नका, टीजीसीच्या, म्हणजे खोलीनुसार वेगवेगळा गेन लावणाऱ्या, पट्ट्यांपैकी खालच्या सरकवा.

स्नायूबंधाच्या बाबतीत एक फसगत ठरलेली. बीम तंतूंना काटकोनात नसेल तर स्नायूबंध काळा दिसतो आणि फाटल्यासारखा वाटतो. याला अनायसोट्रॉपी म्हणतात. प्रोबची टाच-बोट हलवून, म्हणजे आळीपाळीने एकेक टोक दाबून, बघा. उजळला तर स्नायूबंध ठीक आहे.

चित्रात वरपासून खालपर्यंत एकच उभी काळी पट्टी येत असेल तर आधी जेल बघा, मधे हवा राहिली की ध्वनी आत जातच नाही. जेल भरपूर घालूनही पट्टी प्रोबसोबतच सरकत असेल तर प्रोबमधले ध्वनी निर्माण करणारे क्रिस्टल (एलिमेंट) मेल्याचा संशय घ्या. प्रोब पुसून हवेत धरा, गेन वाढवा, कागदाची धातूची क्लिप थोडं जेल लावून चेहऱ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अलगद सरकवा. क्लिपबरोबर उजळ रेघ सरकत जायला हवी. जिथे ती अंधुक होते किंवा तुटते, तिथले एलिमेंट कामातून गेलेत. आणि प्रोब स्पिरिटने पुसत असाल तर आधी त्याचं मॅन्युअल बघा. बऱ्याच प्रोबच्या लेन्सचा रबर त्याने सुकतो आणि तडकतो.