एचएस-सीआरपी ७.८ आलं म्हणजे हृदयात ब्लॉकेज आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, राहायला परळला, छातीत दुखत नाही; जुलैत सोसायटीतल्या शिबिरात रक्त दिलं, एचएस-सीआरपी ७.८ आलं आणि आता घरात अँजिओग्राफीची चर्चा चालू आहे.

नुसत्या या आकड्यावर अँजिओग्राफी करत नाहीत. सीआरपी हे दाह असताना रक्तात वाढणारं प्रथिन, आणि एचएस-सीआरपी ही ते बारकाईने मोजणारी चाचणी. सीआरपी बनतं यकृतात. शरीरात कुठेही दाह (आतली सूज) असला की इंटरल्युकिन-६ हा निरोप यकृताला पोचतो आणि सीआरपी वाढतं. निरोप कुठून आला, हे रिपोर्टवर उमटत नाही. हृदयाच्या धमनीतला दाह असो की हिरडीतला पू, आकडा एकच. त्यात मुंबईचा जुलै: सर्दी-ताप, साचलेल्या पाण्यातून चालून पायाची चिघळलेली जखम, यातलं काहीही पुरेसं आहे.

आधी रिपोर्ट हातात घ्या. नाव 'एचएस-सीआरपी'च आहे ना? नुसतं 'सीआरपी' ही संसर्गासाठीची चाचणी. हृदयासाठी लागणारे बारीक आकडे तिच्यात नीट कळत नाहीत. मग एकक बघा. मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ७.८ हे ७.८च. प्रति डेसिलिटर असेल तर ते ७८ झालं. मग हृदयाचं नंतर, आधी संसर्ग शोधा.

चाचणी पुन्हा करायची ती अंगात ताप-खोकला नसताना. नुकताच दात काढला असेल किंवा लस घेतली असेल तर थांबा. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, एकाच लॅबमध्ये, आणि दोन्हींची सरासरी धरा. उपाशीपोटी जायची गरज नाही. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आलं तर तो आकडा हृदयासाठी धरूच नका, कारण शोधून नंतर परत करा.

तरीही ३ च्या वरच राहिलं तर पोटाचा घेर, साखर, सिगारेट आणि दात बघा. मिश्री-तंबाखूवाल्यांच्या हिरड्या हमखास विसरल्या जातात. या आकड्याचा खरा उपयोग स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) द्यावं की नाही अशा काठावरच्या निर्णयात. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्यांना रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून ४४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून डॉक्टरांकडे जाताना एलडीएल, बीपी आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सोबत न्या. लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिक, कोलेस्टेरॉलसारखा घटक) आयुष्यात एकदा तपासलेलं बरं.

'सीआरपी उतरवणारी' चूर्णं घेऊ नका. सीआरपी स्वतः धमनी बिघडवत नाही, असं जनुकीय अभ्यास सांगतात. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यातला तो प्रकार. कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या ०.५ मिलिग्रॅमबद्दल कुणी सांगेल. ते मुख्यतः ज्यांना धमन्यांचा आजार आहेच त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यातही सगळ्या अभ्यासांत फायदा दिसलेला नाही. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते जिवावर बेतू शकतं. केमिस्टकडून परस्पर आणू नका.

स्टेशनचा जिना चढताना छाती आवळते आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर मात्र सीआरपीची वाट बघू नका. त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर १०८ लावा. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्तचाचणी) लागतात.